मोडलेली टोकं

रविवारच्या बाजाराने शनिवारी आम्हांला शेतावर नेलं.
सतरा गिऱ्हाइकं, एक टेम्पो ट्रॅव्हलर,
कर्वेनगरच्या कमानीपाशी सकाळी सहाला.
आगाशेकाकांनी नात आणली होती, आणि दुर्बीण.
भेंडीला दुर्बीण कशाला, कुणी विचारलं नाही.

हडपसर संपता संपत नाही.
मग एकदम दिवे घाट, आणि खाली तळं,
फाल्गुनातलं,
ताटात कुणी टाकलेल्या आमटीएवढं.

वर मालन झेंडे बांधावर उभी.
बाजारात ती टेबलामागे अर्धीच असते:
कमरेच्या वर, काटा, सुट्टे पैसे.
इथे तिला पाय होते.
रबरी बूट, नवऱ्याचा शर्ट,
आणि दोन्ही हातांत कोपरापर्यंत
पोराचे शाळेचे पांढरे मोजे, पंजे कापलेले.
"लव असते ना भेंडीला.
नायतर रातभर खाजवत बसायचं."

सहा वर्षं मी तिची भेंडी खाते.
चिंच-गुळाची, ताकातली, नुसती परतलेली.
लव मला माहीत नव्हती.

पिवळं फूल, पोटात वांगी डाग.
"आज फूल. पाचव्या दिवशी शेंग. सातव्याला जून.
मधे लगीन निघू दे, मयत होऊ दे,
ती काय थांबत नाय."
तिने दाखवलं तसं मी एक तोडली,
देठासकट, जरा तिरकी, जरा उशिरा,
आणि मनगटाला जे चावू लागलं
ते अंजिरं खाऊनही थांबेना.
(अंजिरं पानावर दिली, कोमट, झाडाखालीच.
त्यांच्याबद्दल पुन्हा कधी.)

गोठ्याच्या कोपऱ्यात शेळी,
शेळीपुढे पाटी,
पाटीत भेंडी. हिरवी, ताठ, चांगली.
फक्त एकीलाही टोक नाही.

"यांना काय झालं?" आगाशांच्या नातीने विचारलं.
"बघून गेली माणसं," मालन म्हणाली,
परत आलेल्या स्थळाबद्दल बोलावं तसं,
राग नाही, काही नाही.

सतरा अंगठे सतरा मुठींत गेले.

मला आईने शिकवलं होतं, मंडईत, चवड्यांवर उभं करून:
टोक कट्कन मोडलं तर कोवळी,
वाकलं तर ठेवून दे.
मी लेकीला शिकवलं. लेक आता बंगळुरात
अनोळखी भेंड्यांची टोकं मोडत असेल.
आमच्या घरातली ही एकच विद्या
जिच्यात कुणी कधी नापास झालं नाही.
पण मोडलेली, कोवळी निघालेलीसुद्धा,
आम्ही ढिगातच टाकायचो की.
तिच्याशेजारची उचलायचो.
का, ते आज सांगता येत नाही.

"दर रविवारी?"
"तीन किलो. सणाला चार.
हिला चालतात. हिचं टोकावाचून काय अडत नाय."
शेळीने मान वर केली,
माझ्याकडे बघत चावत राहिली,
ओळखीचं कुणी दिसल्यासारखी.

"पण मग जून कशी ओळखायची?" मी विचारलं,
खरं तर स्वतःची बाजू मांडायला.
मालनला प्रश्नच कळला नाही.
"मीच तोडलीय ना," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाजार.
ती पुन्हा अर्धी, टेबलामागे, कोरडे हात, लाल बांगड्या.
ढीग समोर. माझा अंगठा आपोआप उठला,
हवेत तसाच राहिला,
बस थांबवायला उठावा तसा.
"बघून घ्या की," ती म्हणाली, आणि हसली नाही.
"अर्धा किलो," मी म्हणाले. "तुम्हीच घाला."

घरी चिरताना एक जून निघाली.
सुरी करकरली.
बाजूला ठेवली, कुणाला सांगितलं नाही.
मनगट अजून खाजत होतं.