माप

रात्री अडीचला बालेवाडीत लढत,
कारण तिकडे कुठेतरी तेव्हा जेवणाची वेळ असते.
प्रेक्षक म्हणून इंजिनिअरिंगची पोरं आणलेली,
माणशी दोन वडापाव आणि एक टीशर्ट;
लाल दिवा लागला की ओरडायचं,
विझला की जांभया द्यायला मोकळे.

मी दुभाषी.
दिवसा भोसरीत पंपांची माहितीपत्रकं मराठीत आणते,
'झडप उघडण्यापूर्वी दाब तपासा' वगैरे.
इथलं काम सोपं, म्हणाले:
जिंकेल तिच्या शेजारी उभं राहायचं, पंधरा सेकंद.
कॅमेऱ्यात तुमचा फक्त खांदा येईल,
काळं काहीतरी घाला.

निळ्या कोपऱ्यात रुक्मा खिलारे, जनता वसाहत, बावन्न किलो.
पडद्यावर तिच्या नावाखाली त्यांनी वाघ काढला होता.
"हा कशाला?" तिनं विचारलं.
कुणालाच माहीत नव्हतं.
लाल कोपऱ्यात आयगुल, कुठल्याशा बर्फाळ गावची.
आदल्या दिवशी वजनं झाली तेव्हा
तिनं खुणेनंच विचारलेलं, केस इतके घट्ट कशी विणतेस?
आणि रुक्मानं तिच्या डोक्यावर दोन वेण्या घालून दिल्या होत्या.
तेव्हा कॅमेरे जेवायला गेलेले.

त्याच वेण्या तिसऱ्या फेरीत सुटत गेल्या.
नडगीवर नडगी बसण्याचा आवाज
टीव्हीसाठी वेगळा भरतात, मला नंतर कळलं.
खरा अगदी बारीक असतो,
शेजारच्या खोलीत कुणी पाट टेकवून ठेवावा तसा.
खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले अँथनी सर
दोरी धरून एकच शब्द म्हणत होते,
खाली. खाली. खाली.
आयगुल बसली.
मग उठली नाही.

लाल दिवा. पोरं ओरडली.
माईक पुढे आला: कसं वाटतंय?

रुक्मा धापा टाकत बोलली,
"हिचा डावा गुडघा आधीच गेलेला.
पहिल्या फेरीतच कळलं मला,
पाय टेकवताना ओठ आत घ्यायची.
मग मी दुसरीकडे मारलंच नाही.
सर बरोबर सांगत होते, त्यांची काही चूक नाही.
पण जिंकल्यासारखं अजून वाटत नाहीये,
वाटेल बहुतेक, घरी गेल्यावर.
आधी तिला कुणीतरी खुर्ची द्या ना.
केव्हाची खाली बसलीये."

कानात आवाज आला: सहा सेकंद.
मी त्यांच्या भाषेत म्हणाले,
ती म्हणते, स्वप्न पूर्ण झालं, सगळ्यांचे आभार.
पडद्यावरचा वाघ गुरगुरला.
वळून पाहिलं तर शेजारी कुणी नव्हतं.

साडेचारला बाहेर, चहाच्या टपरीपाशी
तिचे वडील तिच्या नडगीवर बर्फाची पिशवी धरून बसलेले.
मार्केट यार्डात तोलणार, कांदा-बटाटा, एकतीस वर्षं.
"ताई, एक विचारू?
पोर एवढं बोलली," त्यांनी मोकळा हात लांबवला,
खांद्यापर्यंत,
"आणि तुम्ही एवढंसं?"
अंगठा आणि बोट. मध्ये जेमतेम मोहरीची जागा.

मी गप्प.
"तिकडची भाषाच आटोपशीर असेल,"
ते स्वतःच म्हणाले, मला वाट करून देत.

हो म्हणता आलं असतं.
पर्समध्ये पाकीट होतं, मोजायचं राहिलेलं.
रस्त्यापलीकडे पहिली बस दिवे लावून उभी,
आत फक्त कंडक्टर, सुटे पैसे लावत बसलेला.

"बाबा, पिशवी सरकतीये," रुक्मा म्हणाली.

मी विचारलं, मिळाली का गं खुर्ची तिला?

"मिळाली की," तिनं चहात बिस्कीट बुडवलं,
"मीच नेऊन दिली.
तुम्ही बोलत होतात तेव्हा."