शेवटचा नळ

हिराजीकाका कधी थेंबाला शिवले नाहीत,
तरी वाशीच्या वॉर्डात रिपोर्ट ऐकून
शेजारच्या खाटेवरचा पुटपुटलाच,
घेत असतील.

डॉक्टरबाई म्हणाल्या, नाही हो.
परवा रात्री प्रेशर पडलं ना, वीसेक मिनिटं,
तेवढ्यात यकृत उपाशी राहिलं.

मला कळलं ते घणसोलीच्या नळावरून.
मोटार दमली की
आमच्या आळीत, शेवटच्या घरी
नुसती हवा येते, खाकरल्यासारखी.

काल एसजीपीटी आठ हजार. आज साडेतीन.
उतरतंय म्हणजे बरं,
की जळायचं तेवढं जळून झालं?
विचारलं नाही.

काकीनं कालवणाचा डबा न उघडताच ठेवला.

काळीज काळीज म्हणतो आपण
आणि हात नेतो डावीकडे.
तिनं आज
त्यांच्या उजव्या बरगडीखाली ठेवला.