पणसायमळ, अर्ध्या दिवसात

मुंज उद्या सकाळची. घरात नारळ सोलणं,
केळीची पानं पुसणं
आणि माझ्यासारख्या उपऱ्या पाहुण्याला
दर वीस मिनिटांनी ‘चहा झाला का?’ विचारणं.
मी केप्याची बस धरली, तिथून रिवण.

तिठ्यावर खाण बंद पडल्यापासूनचे ट्रक,
काचांवर लाल धुळीची साय,
एकाच्या टायरात कोंबडी उबवणीला बसलेली.
पदेराचा भोंगा गेला दोनदा,
मग बराच वेळ काहीच नाही.

कुष्टा वेळीप इथला पायलट.
पिवळं मडगार्ड, पायात प्लास्टिकच्या चपला.
वाटेत गुहा दाखवली, दगडात कोरलेली,
आत वटवाघळांचा वास आणि गुडघाभर अंधार.
‘पांडवांची,’ म्हणाला.
पांडव कुठे कुठे राहिले नाहीत!
अख्ख्या कोकणात त्यांचं भाडं थकलंय.
‘काही लोक बुद्धाची म्हणतात,’ तो पुढे म्हणाला,
‘आम्ही लहानपणी पावसात गुरं आत घालायचो.’

मग काजूच्या बागा, एक खुरीस, उतार,
आणि कुशावतीच्या काठी
जांभ्या दगडाचं उघडं अंगण.
पुरातत्त्व खात्याच्या फलकावरचा इसवीसनाआधीचा आकडा
गंजानं खाल्लेला, एक शून्य कमी की जास्त, कळेना.
मी पाहिलं. दगड. भोकं पडलेला, तापलेला.
एवढ्यासाठी आलो?

कुष्टाने बाटलीचं झाकण उघडलं.
‘आधी तुम्ही घोटभर घ्या,’ म्हणाला,
‘मग ह्यांना.’

पाणी ओतलं, तसा बैल उठला.
आधी वशिंड, मग शिंगं, मग वळून बघणारी मान.
दोन पावलांवर हरीण,
त्याच्या पोटात आणखी एक रेघ: पाडस, की भाला,
यावर आमचं एकमत झालं नाही.
एक बाई, हात पसरलेली, चेहरा न दिलेली.
कुष्टा ओतत होता,
झाडांना शिंपावं तसं, हिशेबानं.

शेवटी ती वर्तुळं. सात. एकात एक.
सातवीच्या वर्गाला मी चोवीस वर्षं शिकवलं,
ग्रीकांच्या बेटावर राजाने चक्रव्यूह बांधला,
आत बैलाच्या डोक्याचा माणूस,
आणि एका मुलीने दिलेला सुताचा गुंडा.
फळ्यावर मी तो नेहमी चौकोनी काढायचो.
कुठून शिकलो होतो, कोण जाणे.
इथे तो गोल आहे.
बैल बाहेर मोकळा चरतोय.

तिथेच बाटली संपली.
‘थांबा,’ म्हणत तो नदीकडे उतरला.

मी गुडघ्यांवर बसलो, बोट ठेवलं बाहेरच्या रेघेत.
एक वळण. परत तोंडाशी. पुन्हा.
कोरणाऱ्याला घाई नव्हती हे बोटाला कळलं;
एका ठिकाणी छिन्नी घसरलीय,
त्याने ती चूक तशीच वळणात घेतलीय.
तिसऱ्या वर्तुळात मी होतो
तेव्हा ऊन आलं पानांतून,
आणि बाहेरून आत
रेघ वाळत निघाली, माझ्या मागोमाग,
पुढे एक मुंगी, तिला वाट माहीत असल्यासारखी.
चौथ्यात माझं बोट कोरड्या दगडावर उभं.
मध्यापर्यंत गेलो नाही.

कुष्टा भरली बाटली घेऊन आला.
‘परत ओतू?’
मी नको म्हणालो. का म्हणालो
ते अजून नीट सांगता येत नाही.
त्याने ते पाणी मग स्वतःच्या तोंडावर मारलं.

बसला वेळ होता. आनाक्लेताबाईच्या ताव्हेर्नात
लिंबू-सोडा मागवला. पेल्याखाली ओलं कडं उमटलं.
मी बोटाने त्यात दुसरं काढलं, तिसरं,
चौथ्याशी अडलो.
तिने फडकं आणलं खांद्यावरचं, टेबल पुसलं,
‘पेलो गळता काय?’ विचारलं,
आणि दुसरा पेला आणून ठेवला.

गुडघ्यांवरचा लाल डाग
मुंजीच्या घरी बायकोने पाहिला.
‘पडलात कुठे?’