बैलापाशी उतरणारे

उदगीरचा जनावरांचा दवाखाना पाडताना
जेसीबी थांबला तो फक्त गच्चीवरच्या बैलासाठी.
सिमेंटचा देवणी, वशिंडाला तडा,
शिंगांच्या मधे कबुतराच्या काड्या.

ड्रेसर विरूपाक्ष बिराजदार म्हणाले, पाय आधी सोडवा,
मान शेवटी. जित्याला उचलतो तसंच.
खाली कडब्याच्या पेंढ्या, वर मुनीरच्या क्रेनचा पट्टा.
अधांतरी दिसलं पोट, आणि पोटावर
ओल्या सिमेंटात कधीकाळी बोटानं लिहिलेलं:
हबीब गवंडी, मजुरी बाकी.

बिराजदारांनी बादलीभर पाण्यानं त्याचं अंग धुतलं,
तेवढी ओळ सोडून.

आता तो बाजार समितीत,
वजनकाट्याशेजारी, तोंड भिंतीकडे.
रिक्षावाले मात्र अजून
मोकळ्या प्लॉटसमोर ब्रेक मारतात,
"चला, बैल आला."
आणि माणसं उतरतात.