अकरा पत्रे

वादळाने आमच्या चर्चचं छप्पर उचललं
आणि थ्योलोच्या चहामळ्यात नेऊन टाकलं,
त्याला आता दोन वर्षं झाली.
चाळीस पत्रे हवे होते.
आम्ही मका विकला, कोंबड्या विकल्या,
एनिफाने तर लग्नातलं मोठं पातेलं विकलं,
आणि पैसे ठेवले फ्रॅक्सनकडे,
कारण तो खजिनदार, आणि कारण
रोज पहाटे चारला उठून तोच
आंब्याला टांगलेली ट्रकची रिम वाजवायचा.
घंटा वाजवणारा माणूस
खोटा कसा असेल?

पत्रे आले अकरा.
उरलेल्या पैशांची त्याने मोटारसायकल घेतली.
ब्लँटायरपर्यंत भाडी मारून दुप्पट करीन म्हणाला,
देवाचे देवाला, वरचे मला.
तिसऱ्या आठवड्यात ती पुराच्या नदीत गेली.
तो तेवढा पोहून बाहेर आला.

मंडळीच्या वडिलांनी ठरवलं:
सहा महिने प्रभुभोजन नाही,
बसायचं सगळ्यात मागच्या बाकावर,
जिथे डोक्यावर नुसतं आभाळ.
त्याच रविवारी पाळक सांगत होते पौलाविषयी,
"किती पत्रे लिहिली त्याने मंडळ्यांना!"
तर पुढून कोणीतरी पुटपुटलं,
"आमच्यापर्यंत अकराच पोचले."
हसू आवरेना आम्हाला. पाळकही हसले.
मागे वळून पाहिलं मी.
फ्रॅक्सन बुटांच्या नाड्या बांधत होता.
त्याच्या बुटांना नाड्या नाहीत.

मी महिला मंडळाची.
पांढरं पोलकं, लाल कॉलर,
कोळशाची इस्त्री, कडक.
दर गुरुवारी आम्ही आजाऱ्यांकडे जातो,
मीठ नेतो, साबण नेतो,
त्याच्या घराला मात्र वळसा घालतो.
आणि प्रार्थनेत 'ऋण' शब्दाशी आले
की माझी जीभ अडायची:
सोडायचं म्हणजे नेमकं किती?
एकोणतीस पत्र्यांचं? की पातेलंही धरून?

एका सोमवारी गेले मी त्याच्याकडे.
माफ करायला नव्हे.
माझी चाळण त्याच्या बायकोकडे राहिली होती.
लिनेस अंगणात मका कांडत होती.
"आत आहे," म्हणाली, थांबली नाही.
दुसरं मुसळ भिंतीला टेकलेलं.
का उचललं, सांगता येणार नाही.
एका उखळात दोन मुसळं:
तिचं वर तेव्हा माझं खाली,
जरा चुकलं तर बोटं जातात.
अशा वेळी राग धरता येत नाही,
धरायला हात मोकळे नसतात.

कोंबड्यांच्या खुराड्याशी तो उभा, टोपी हातात.
मी मुसळाकडेच पाहत बोलले,
"घंटा पोरांना जमत नाही. झोपून राहतात."

दुसऱ्या दिवशी चारला रिम वाजली.
मी अंथरुणातच एक शिवी दिली,
मग उठले.

आज उपासनेच्या मध्यावर पाऊस आला.
मागचे बाक उठून पुढे,
अकरा पत्र्यांखाली सगळी मंडळी,
पोरं मांडीवर, म्हातारे वेदीच्या पायरीवर.
ओणवे होऊन गायलो, पत्र्यांच्या आवाजात
कोण बेसूर ते कळेना.
फ्रॅक्सनचा भिजलेला खांदा
माझ्या इस्त्रीच्या बाहीला लागला.
सरकायला जागा नव्हती.
असती तर सरकले असते का,
ते प्रभूला ठाऊक.

मग दान मोजायला बसलो, मी आणि एनिफा.
मक्याच्या सालात गुंडाळलेली एक नोट निघाली,
पन्नास क्वाचा, ओली.
नाव नव्हतं. गाठ ओळखीची.
वहीत लिहिलं: फ्रॅक्सन, पन्नास.
पुढे 'बाकी'चा रकाना.
मनात हिशेब मांडला:
दर रविवारी पन्नास धरले तरी
तो जाईल, मी जाईन, पत्रे गंजून जातील,
फिटायचं नाही.
पेन झटकलं, दोनदा.

एनिफाने वही मिटली.
पातेलं गेलं होतं ते तिचं.
"राहू दे तो रकाना," म्हणाली,
"चल, चुली पेटवायच्या आहेत."

बाही अजून ओलीच होती.