यान, अठरा एमएमचं

यान मी बांधलं.
रबाळ्याच्या गाळ्यात, अठरा एमएमच्या प्लायमध्ये,
निम्मं उधारीवर.
उर्मी भोईर म्हणाली, काका, आतून जुनं दिसू दे,
माणूस त्यात अकरा वर्षं राहिलाय.
मी कडांना तेलकट बोटं पुसली. झाली पाच वर्षं.
उरलेली सहा
तिच्या आईच्या मिसरीच्या डबीतून काढली.

तारे राहिले होते.
कॉम्प्युटरवर आकाशाला किती पडतात
ते ती विचारून आली, आणि बराच वेळ गप्प बसली.
मग मी एक फळी काळी रंगवली, भोकं पाडली,
दीडची, दोनची, मध्येच एखादं चारचं,
मागे ट्यूबलाइट.
मोजली नाहीत. हात दुखेपर्यंत पाडली.
खरं आकाशही असंच झालं असेल, असं वाटलं तेव्हा.
कुणाला बोललो नाही.

अंतराळवीर म्हणजे तिच्या आजाचा भाऊ, जोमा.
वय अठ्ठ्याहत्तर. हयात मिठागरात.
चंदेरी सूटच्या आत कमरेला रुमाल तसाच,
सोडायला तयार नाही.
गोष्ट एवढीच, की तो पृथ्वीला विचारतो,
परत येऊ का?
प्रश्न पोचायला चार वर्षं,
उत्तर यायला चार.
मधलं सगळं पिक्चर.

उर्मी समजावत होती, आजा, इथं काही करायचं नाही,
नुसतं थांबायचं.
त्यानं तिच्याकडे पाहिलं.
जमीन गेली तेव्हा तिशीही नव्हती त्याची.
साडेबारा टक्क्यांचा भूखंड
अजून कुठल्याशा फायलीत झोपलाय.
आणि पोरगी त्याला थांबायला शिकवत होती.
पहिलाच टेक ओके.

ग्रह खाडीकाठी सापडला.
बंद मिठागर, तडकलेलं, दुपारी डोळे दिपवणारं.
पलीकडचे टॉवर तिनं चौकटीबाहेर ठेवले.
जोमा हेल्मेट घालून चालत निघाला
आणि मध्येच थबकला,
पायानं बांध चाचपला:
'ही कोंडी माजी.'
स्क्रिप्टमध्ये नव्हतं. तिनं ठेवलं.
पडद्याखाली इंग्रजीत त्याचं काय झालं कोण जाणे,
पण तिकडे त्या वेळी
हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही म्हणे.

बक्षीस तिकडेच मिळालं, लांबच्या बर्फाळ गावात.
परीक्षकांनी विचारलं, एवढा पांढरा ग्रह
कोणत्या सॉफ्टवेअरवर केलात?
ती म्हणाली, मीठ.

मग घणसोलीत, देवळापुढे,
मांडववाल्याच्या पडद्यावर दाखवलं.
यानातली बाई बोलते,
आपण सेक्टर सातमध्ये प्रवेश करत आहोत,
आणि सगळी पोरं फिदीफिदी हसली,
सातमध्ये तर चायनीजची गाडी लागते.
जुन्या बाया हसल्या नाहीत.
आकडे उतरायच्या आधी
इथल्या एकेका शेताला नाव होतं.
पहिलं यान त्यांनी पाहिलेलं,
सरकारी जीप होती, धूळ उडवत आली,
आतून साखळी घेऊन माणसं उतरली, मोजायला लागली,
आणि पाणी मागितलं तेव्हा
ह्यांनीच दिलं.

शेवटी पडदा पांढरा होतो. संपलं.
पहिल्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीतून
जोमानं मान वळवली,
'जबाब आयला का रं?'
प्रोजेक्टरवाला वायर गुंडाळत होता.
उर्मी चपला शोधत होती, किंवा तसं दाखवत होती.

यान मोडलं. प्लाय कुठं वाया घालवणार?
कंट्रोल पॅनेल एका किराणावाल्याकडे आहे,
त्यावर आता साबणाच्या वड्या.
दार माझ्याच संडासाला बसवलं, कडी जर्मन.
फक्त ती भोकांची फळी राहिली.
भोकं पाडलेला माल कोण घेतो?
पश्चिमेच्या खिडकीला टेकवून ठेवलीय.

चारच्या सुमारास ऊन येतं
आणि भुशावर, हत्यारांवर, चहाच्या ग्लासवर
ठिपके पडतात.
जोमा कधी कधी येऊन बसतो.
फारसं बोलत नाही, मिसरी लावतो.
ठिपके सरकत सरकत त्याच्यापर्यंत आले
की तो पाय
जरा बाजूला घेतो.