एकतीस भोकांचा पुठ्ठा

अशोक चौकाच्या मागे, जिथे दुपारी लाईट गेली
की माग एकदम गप्प होतात
आणि माणसाला स्वतःचेच कान ऐकू येतात,
तिथे इरय्या चिट्याल, माझा बाप,
जकार्डचे पुठ्ठे पाडायचा.
भोक म्हणजे धागा वर.
कोरं म्हणजे धागा खाली.
मोर, कमळ, चादरीच्या काठावर गिऱ्हाइकाचं नाव,
सगळं एवढ्यावरच.

आईचा हिशोब विड्यांचा.
हजार विड्या, पंचविसाचं बंडल, चाळीस बंडलं.
हजार हा समजूतदार आकडा, कसाही वाटा.
चेकर मूठभर छाट काढायचा,
ती बाकी कुठल्याच वहीत नसायची.

मी कॉलेजातून एक आकडा घरी आणला:
दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख
त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस.
म्हटलं, नाना, हा फुटत नाही.
नानांनी सुताच्या बिलामागे
तीनने पाहिलं, सातने, तेराने.
दर वेळी बाकी.
"कुठवर जायचं?"
शेहेचाळीस हजार तीनशे चाळीसपर्यंत.
त्यापुढचा कुणी भागणारा असलाच
तर त्याचा जोडीदार आधीच दारात येऊन गेलेला असणार.

मग मी तो त्यांच्या लिपीत लिहिला.
एकतीस भोकं. कोरं एकही नाही.

ते बराच वेळ बघत राहिले.
"तीस पाडली तर?"
तीस पाचापाचांत मोडतात, आकडाही त्यांच्याबरोबर मोडतो.
"अकरा?"
अकरा मोडत नाहीत.
पण अकरा भोकांचा आकडा दोन हजार सत्तेचाळीस,
म्हणजे तेवीस गुणिले एकोणनव्वद.
वरून अखंड, आतून उसवलेला.
"म्हणजे नुसतं मूळ असून भागत नाही."
आई सुपातून मान न काढता म्हणाली,
"आमचंही भागत नाही.
आम्हाला कुणी मूळ संख्या म्हणत नाही ते."

"तेगदु," नाना म्हणाले.
आमच्या तेलुगूत हे धाग्याबद्दल म्हणतात: तुटणार नाही.
न मिटणाऱ्या भांडणाबद्दलही.
त्यांनी तो पुठ्ठा खरंच पाडला.
मागावर चढवला तर काय विणेल, मी विचारलं.
"काही नाही. सगळेच वर गेले
तर बाण्याने अडकायचं कुणात?"

आता मोर पेनड्राइव्हमध्ये असतो.
पुठ्ठे किलोवर गेले, नाना त्याआधी.
हा एक खिडकीच्या खिळ्याला राहिला.
एप्रिलात, चौरेचाळीस अंशांत, साडेचारच्या सुमाराला
एकतीस ठिपके आईच्या सुपात पडतात,
तंबाखूवर, कात्रीवर, तिच्या मनगटावर.
ती सूप सरकवते. ठिपके जागेवर.
मग सवयीने मोजते:
एक बंडल, वर सहा.

"या सहाचं काय करू गं?"